पाद्रीबाबांची पपई

मागून कोणीतरी विव्हळतंय असं वाटलं म्हणून मी गाडी थांबवली. पहिला संशय आला तो आत्याबाईंवर, म्हणजे माझ्या सासूबाईंवर. त्या मागच्या सीटवर एकट्याच बसल्या होत्या आणि सक्करदऱ्याचं वळण मी जरा हौसेनंच घेतलं होतं.

“आत्याबाई, लागलं का कुठं?”

“मले कायले लागते वं? मी समजली तूच रडून राहिली.”

मी रडत नव्हते. गाडी शिकायला लागल्यापासून मी इतकी खुशीत असे की भाजीत मीठ दोनदा पडायचं आणि वरणात एकदाही नाही. शेजारी बसलेले मामाजी, म्हणजे माझे सासरे वामनराव, यांनी आपल्या काठीचं एक टोक गाडीच्या तळाला टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं.

“चालव,” ते म्हणाले.

मी चालवली. वेग वाढला तसा विव्हळण्याचा सूर चढला, कमी केला तसा उतरला. एखादी बाई नवऱ्याची चाहूल घेत घेत रडते ना, अगदी तसं.

“गाडी रडते,” मामाजी म्हणाले. त्यांचा चेहरा असा उतरला की मी गाडी सरळ घराकडे, नंदनवनाकडे वळवली.

आता ही गाडी साधीसुधी नव्हती. नाकावर सिंह बसवलेली फ्रेंच गाडी. नागपुरात तशी दुसरी आम्ही कधी पाहिली नाही. मिशनमधल्या एका फ्रेंच पाद्रीबाबांची ती, आणि मामाजी त्यांचे ड्रायव्हर. पाद्रीबाबा म्हातारे झाले, आपल्या देशाला परत निघाले, तेव्हा मामाजींच्या हातात किल्ली ठेवून म्हणाले, “वामन, ही तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही.” ही गोष्ट सांगताना मामाजी नेमके इथे थांबतात आणि चष्मा पुसतात. चष्मा स्वच्छ असला तरी पुसतात.

मामाजींनी त्या माणसावर जीव लावला होता. आणि जीव लावायचं त्यांचं साधन म्हणजे आमच्या अंगणातली पपई. पाद्रीबाबांचं पोट फार खराब, बिचाऱ्यांना साफ म्हणून होत नाही, हे साऱ्या मिशनला ठाऊक होतं. म्हणून दर रविवारी मामाजी झाडावर पिकलेली मोठी पपई कागदात गुंडाळून घेऊन जायचे, कापून द्यायचे आणि संपेपर्यंत समोर उभे राहायचे. पाद्रीबाबा “मर्सी, वामन” असे आपल्या भाषेत आभार मानत सगळी खायचे. सोमवारी ते कुठे बाहेर पडत नसत, त्यामुळे मामाजींना सोमवारी सुट्टी असे. पाद्रीबाबांच्या धर्मात तो काही तरी नेम असावा, अशी आमच्या घरात समजूत होती.

पुढे मामाजींचे गुडघे गेले. क्लच दाबला की डोळ्यांत पाणी यायचं. आमचे हे, मनोहरराव, कोराडीच्या वीजघरात नोकरीला. बसनं जातात, बसनं येतात, कानात राख घेऊन येतात. मोठ्या मोठ्या यंत्रांमध्ये दिवस काढतात, पण स्टिअरिंगला हात लावायचा म्हटलं की घाम फुटतो. पोरी लग्न होऊन गेलेल्या. मग उरलं कोण? मी भाकऱ्या थापत होते, तेव्हा मामाजी चुलीपाशी येऊन बसले आणि किल्ली पिठाच्या परातीशेजारी ठेवली.

“सूनबाई, तुह्या हाताले ताल हाय,” म्हणाले. “भाकर फिरवते तशी गाडी फिरवशीन.”

त्या दिवशीची भाकर करपली, तो विषय अजून घरात निघतो.

तर अशी ही गाडी त्या संध्याकाळी रडत रडत गल्लीत शिरली आणि नेमके हे तेव्हाच बसवरून येत होते. गल्लीतली सगळी माणसं ओट्यावर आली होती. लेकरं गाडीच्या मागून तोच सूर काढत धावत होती.

“बाबा,” घरात शिरताच हे म्हणाले, “आता बस झालं. जरीपटक्याच्या ओमप्रकाशले शनिवारी बोलावतो.”

ओमप्रकाश म्हणजे जुन्या गाड्या तोडून सुटे भाग विकणारा. आमच्या गाडीच्या नाकावरच्या सिंहावर त्याचा कधीपासून डोळा होता. रस्त्यात भेटला की आधी सिंहाची खुशाली विचारायचा, मग आमची.

“अन् तो गाडीचं काय करन?” मामाजींनी विचारलं.

ह्यांना उत्तर माहीत होतं, मामाजींनाही माहीत होतं. मामाजी पायातली चप्पल उगाच नीट लावत बसले. मला पुढच्या आठवड्यात लायसनची परीक्षा द्यायची होती, पण त्या क्षणी मला लायसन आठवलंसुद्धा नाही. मनात आलं, गाडी गेली तर मामाजी रोज सकाळी उठून पुसणार काय?

“एक काम करा,” मी म्हणाले. “ओमप्रकाशला शनिवारी गाडीत बसवू. गाडी रडली तर त्यानं न्यावी. नाही रडली तर तुम्ही पुन्हा विषय काढायचा नाही.”

“ठीक हाय,” हे म्हणाले. रडणार याची त्यांना खात्री होती.

“अन् तूबी बसशीन गाडीत,” आत्याबाई आतून ओरडल्या. “मांगच्या सीटवर. बायको चालवन.”

ह्यांना तिथल्या तिथे घाम फुटला. पण बापासमोर नाही कसं म्हणतील? “बसीन,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नत्थू मेकॅनिक आला. कडुलिंबाखाली त्याचं गॅरेज, म्हणजे एक कडुलिंब, एक खड्डा आणि नत्थू. पंधरवड्यापूर्वी त्यानंच माझ्या परीक्षेसाठी म्हणून गाडीची सगळी सर्व्हिसिंग केली होती. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक गोळा असतो, त्याला डिफ्रेन्शियल म्हणतात. इंजिनाचं फिरणं तिथून चाकांना मिळतं. त्या गोळ्यातलं जुनं तेल काढलं तेव्हा ते काकवीसारखं दाट निघालं, वर हिरवट. नत्थूनं बोट बुडवून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं होतं. “वामनकाका, हे तेल सडलं,” म्हणाला होता, आणि आपल्याकडचं सगळ्यात भारी नव्वद नंबर ओतलं होतं. त्या डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं की कितीही दाब आला तरी हे तेल मागे हटणार नाही. जुनं तेल तो नालीत ओतणार होता, पण आत्याबाई आडव्या आल्या.

“तेल फेकते काय कोणी? लाज नाही वाटत?”

त्यांनी ते डालड्याच्या डब्यात भरलं आणि बाजाराला आलेल्या आपल्या भावाला, धोंडबामामांना, बैलबंडीच्या चाकांसाठी देऊन टाकलं.

तुम्ही म्हणाल, इतकं सगळं डोळ्यासमोर असून तुमच्या लक्षात कसं आलं नाही? नाही आलं. उलट आम्ही म्हणत होतो, एवढं भारी तेल घातलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं!

मामाजींना विचारायची सोय नव्हती. इंजिन, ब्रेक, हवा, पाणी सगळं ते बघत. पण त्या मागच्या गोळ्याला त्यांनी नोकरीभर हात लावला नव्हता. ते काम पाद्रीबाबा स्वतः करायचे. पांढरा झगा कमरेला खोचून गाडीखाली शिरायचे आणि कोणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत.

“काहून?” नत्थूनं विचारलं.

“मी कसा विचारू गा? देवमाणूस. धर्माचं काही असंन.”

नत्थूनं डोकं खाजवलं. “नव्वद पातळ पडून राहिलं, काका. एकशेचाळीस टाकून पाहू.”

टाकलं. गाडी रडायची थांबली आणि कण्हायला लागली. 

मग गल्लीनं मनावर घेतलं. ज्याच्या घरी सायकलसुद्धा नव्हती त्यानंही तेल सुचवलं. कोणी म्हणालं जीपचं टाका, कोणी म्हणालं मिलिटरीचं मिळतं ते टाका. कोराडीला कोळसा नेणारा एक ट्रकवाला पाणी प्यायला थांबला होता, त्यानं लाकडाचा भुसा टाकायला सांगितला. नत्थूनं सगळं ऐकून घेतलं आणि मग आवाज खाली आणून आपलं शेवटचं हत्यार काढलं.

“काका, केळी टाकू. गाडी विकणारे टाकतात. शनिवारपुरता आवाज दबते. मंग पाहू.”

“केळी तुले खायाले देतो,” मामाजी तापले. “पाद्रीबाबाच्या गाडीत केळी कोंबतो काय बे? फसवाचं असतं तर मी कवाचाच श्रीमंत झालो असतो.”

नत्थू गेला. जाताना आत्याबाईंनी त्याला दोन केळी खरोखरच दिली.

गुरुवारी दुपारी मी अंगणात तांदूळ निवडत होते. मान वर केली तर फाटकात धोंडबामामा उभे, मागे त्यांचे दोन बैल, मागे बंडी. मी दचकलेच. त्याचं कारण असं की मामांची बंडी यायची तेव्हा आधी आवाज यायचा, मग बऱ्याच वेळानं बैल, मग मामा. बंडी बाजारात असली तरी आत्याबाई चहाचं आधण ठेवायच्या. आणि आज बंडी दारात येऊन उभी, पण कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

“जय भीम, सूनबाई. बाई हाय काय घरात?” आत्याबाई बाहेर आल्या तसे मामा बंडीवरून उतरले. “बाई, ते तेल अजून हाय काय वं तुह्यापाशी?”

“कोणतं?”

“डालड्याच्या डब्यातलं. काय तेल हाय, बाप्पा! बैलाईले समजतच नाही बंडी मांगं हाय का नाही. चालता चालता थांबतात अन् मांगं वळून पाह्यतात! गावात लोक विचारून राहिले, धोंडबा, इंजिन बसवलं काय?”

पलंगावर पडलेले मामाजी उठून बसले. गुडघे दुखत असताना त्यांना इतक्या पटकन उठलेलं मी पाहिलं नव्हतं.

“माह्या गाडीचं सडलेलं तेल तुह्या बंडीले मानवते,” ते सावकाश म्हणाले, “अन् नव्या तेलानं माही गाडी कण्हते?”

डबा बंडीला टांगलेलाच होता. तळाशी थोडं तेल उरलं होतं. मी झाकण काढलं. आत्याबाईंनी वाकून हुंगलं आणि कपाळावर हात मारला.

“अवं, हे तं एरंडेल हाय!”

आमचे हे त्या दिवशी सुट्टीवर होते, ओट्यावर पेपर वाचत बसले होते. तो शब्द आणि तो वास एकदम पोचले असावेत. पेपर तिथेच पडला आणि हे परसात निघून गेले. पन्नाशीला आलेला माणूस, पण आत्याबाईंच्या हातात एरंडेलाचा डबा दिसला की पाय आपोआप परसाकडे वळतात. लहानपणी शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी सगळ्या भावंडांना ओळीनं बसवून, नाक दाबून, एकेक वाटी पाजलं जायचं. पळून जायला वाटच नसायची. फाटकावर मामाजी उभे असत.

नत्थूला बोलावणं गेलं. तो हसून हसून वाकला.

“एरंडेल? गाडीले? काहून, गाडीचं पोट दुखून राहिलं काय?”

त्यावर आम्ही सगळेच हसलो. मामाजी हसले नाहीत. ते डब्याकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरून बसले.

“काय झालं?” आत्याबाई घाबरल्या.

“मिशनच्या दवाखान्यातून,” मामाजी म्हणाले, “एरंडेलाच्या बाटल्या आणाले पाद्रीबाबा मलेच धाडत. मोठ्या मोठ्या बाटल्या. मी सिस्टरले सांगो, फादरसाठी पायजे. ती बिचारी छातीवर क्रॉस करे.”

“मंग?”

“मंग मी बाटल्या आणून देल्या का थोड्या वेळानं ते झगा खोचून गाडीखाली शिरत.”

परसातून ह्यांचं डोकं दारात आलं.

“म्हंजे,” आत्याबाई एकेक शब्द चाचपत म्हणाल्या, “ते एरंडेल तो पीत नव्हता?”

“नाही.”

“म्हंजे त्याचं पोट चांगलं होतं?”

“चांगलं असंन.”

“अन् तुम्ही त्या चांगल्या पोटाच्या माणसाले दर रविवारी अख्खी पपई...”

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. पदर तोंडात कोंबून त्या खाली बसल्या. धोंडबामामांना निम्मी गोष्ट माहीत नव्हती, तरी ते बैलाच्या गळ्यात पडून हसत होते. नत्थू खड्ड्यात असल्यासारखा जमिनीवर उताणा पडला. मामाजी मात्र “असं कसं, असं कसं” म्हणत सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत होते आणि त्यांच्या मिशीची टोकं थरथरत होती.

हसणं ओसरल्यावर नत्थू गाडीखाली शिरला. त्यानं गोळ्याची गुडदी, म्हणजे बूच, काढली, बोट घातलं आणि ते उन्हात धरलं. बोटावर सोन्यासारखी बारीक चमक होती.

“अरे बाप्पा! आतलं मोठं चाक पितळेवानी दिसून राहिलं. मी समजलो जीपसारखं सारं लोखंडच असंन.”

मी त्याचा नव्या तेलाचा डबा उघडून हुंगला. दिवाळीतल्या टिकल्या फोडल्यावर येतो तसा वास.

“नत्थूभाऊ, यात गंधक आहे का हो?”

“असते, वहिनी. दाब सोसाले टाकतात. लोखंडाले लय चांगलं.”

“आणि कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर काय होतं?”

उत्तर आत्याबाईंनी दिलं. “कळकते.”

“तेच केलंय आपण,” मी म्हणाले. “पितळेत ताक ठेवलंय.”

“पण तेल खराब नाही, वहिनी,” नत्थू कळवळून म्हणाला. “जीपले हेच पायजे, ट्रकले हेच पायजे. या बाईचंच खाणं येगळं हाय.” त्या दिवसापासून तो गाडीला बाई म्हणतो. “अन् एक ध्यानात ठेवा. एरंडेल अन् हे तेल एकमेकात मिसळत नाही. आधी घासलेटनं आतून असं धुवा लागन का जुन्याचा थेंब नाही राहिला पायजे. मंग थोडं एरंडेल टाकून फिरवाचं, तेबी काढून टाकाचं, मंग खरं भराचं.”

एरंडेल आणायला मी इतवारीच्या बाजारात गेले. घाणीवाल्यानं विचारलं, “किती देऊ?” मी मोठी किटली पुढे केली.

“भरून?”

“काठोकाठ.”

त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. “घरात लेकरं किती हायत, बाई?”

“लेकरं नाहीत. गाडीसाठी पाहिजे.”

“हो हो,” तो मायेनं म्हणाला. “लाजाचं काही नाही, माय. पण एखांद्या डॉक्टरले दाखवा.” आणि किटलीवर झाकण लावून वर चार आवळे ठेवले. मी तिथल्या तिथे इतकी हसले की त्याला माझी आणखीच काळजी वाटली. त्या क्षणी मला मिशनच्या दवाखान्यात उभे राहणारे मामाजी दिसले आणि छातीवर क्रॉस करणारी ती सिस्टर.

शुक्रवार धुण्यात गेला. चाकं उचलून, घासलेट घालून, फिरवून, काढून, पुन्हा घालून. नत्थूची तेल भरायची पिचकारी नव्वद नंबरानं माखलेली, ती चालणार नव्हती. मग आत्याबाईंनी माळ्यावरून होळीची पितळी पिचकारी काढली. मी किटली धरली, नत्थू गाडीखाली, मामाजी बाजूला खुर्चीवर बसून काठीनं दिशा दाखवत होते. गल्लीतल्या लेकरांना आधी मजा वाटली. मग कोणीतरी हुंगून बातमी फोडली की आमच्या घरी किटलीभर एरंडेल आलंय. गल्लीत एक पोट्टं उरलं नाही. शनिवारी दुपारपर्यंत उरलं नाही.

शनिवारी ओमप्रकाश आला. सफारी सूट, तोंडात पान, आणि आपल्या मेटॅडोरमध्ये गाडी ओढून न्यायला जाड दोर. मेटॅडोर त्यानं आमच्या फाटकाबाहेर उभी केली, उतरून आधी सिंहाच्या आयाळीवरून हात फिरवला.

“चलो भाभीजी, सुनाओ आपकी सारंगी.”

पुढे मी आणि मामाजी. मागे ओमप्रकाश आणि हे, आणि मधे, कोणी बोलावलं नसताना, आत्याबाई. ह्यांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती. आरशात मला फक्त त्यांची बोटं दिसत होती, पांढरी पडलेली. गाडीचा सेल्फ कधी लागे, कधी नाही. त्या दिवशी पहिल्या फटक्यात लागला.

मी क्लच सोडला. गाडी निघाली. गल्ली संपली. सक्करदरा गेला. मी कान मागे लावून चालवत होते, मामाजींनी काठी कानाला लावली होती, आणि मागून आवाज येत होता फक्त ओमप्रकाशच्या पान चघळण्याचा. शहर मागे पडलं, कोराडीचा रस्ता लागला, मी वेग वाढवला. काही नाही. कमी केला. काही नाही. मामाजींनी काठी कानावरून काढली, मांडीवर आडवी ठेवली आणि समोर पाहत बसले. त्यांनी डावा पाय हळूच पुढे सरकवून, जिथे क्लच नव्हता तिथे, दाबला.

“आवाज तो नहीं है,” ओमप्रकाश नाइलाजानं म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, “भाभीजी, ये बास कैसी आ रही है?”

तेल तापलं होतं. मागच्या सीटखालून तो ऊबदार, गोडसर, जाड वास वर चढत होता. आरशात पाहिलं तर ह्यांचा चेहरा लहानपणीचा झाला होता, आणि शेजारी ओमप्रकाशचाही. जरीपटक्यातही आया असतातच.

“मेरी अम्मा,” ओमप्रकाश पुटपुटला, “छाती पे बैठ के पिलाती थी. रोको. रोको भाभीजी, रोको!”

मी थांबवली. तो दार उघडून पळाला आणि रस्त्याच्या कडेला शेताकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून, लांब लांब श्वास घेत उभा राहिला. पान त्यानं थुंकून टाकलं होतं.

“ये गाडी,” तो तिथूनच म्हणाला, “मुझे मुफ्त में भी नहीं चाहिए. सिंह के साथ भी नहीं.”

मला ह्यांच्याकडे वळून बघायची हिंमत होत नव्हती. वाटलं, हेही आता उतरतील आणि बसनं घरी जातील. पण दाराचा आवाज आला नाही. आत्याबाईंनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला तसं ह्यांनी सीट सोडली, रुमाल नाकाला लावला आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोर लांबवर कोराडीच्या वीजघराच्या चिमण्या दिसत होत्या.

“मी रोज पाह्यतो,” हे रुमालातून म्हणाले, “बसमध्ये, लटकून. आज पहिल्यांदा बसून पाह्यतो.” मग चिमण्यांवरची नजर न काढता, “थोडं पुढं घे, गोपिका.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी वडिलांसमोर मला नावानं हाक कधी मारली नव्हती. मी गिअर टाकणार तेवढ्यात मामाजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

“थांब, सूनबाई. मले एक सांग. पाद्रीबाबा एकडाव तरी नाही काहून म्हणाले नाही? म्हणाचं ना, वामन, माहं पोट चांगलं हाय.”

“तुम्ही संपेस्तोवर समोर उभे राहत ना,” आत्याबाई म्हणाल्या. “कसा म्हणन बिचारा?”

“हो, पण इतकी पपई... चांगल्या पोटावर... रविवारी...”

मामाजी एकदम ताठ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काही तरी उजाडत होतं.

“म्हणून मले सोमवारची सुट्टी!”

मला आठवतं ते एवढंच की आधी ह्यांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला, आणि तो हसण्याचा होता. मग आत्याबाई. मामाजी तर काठी आपटून आपटून हसत होते, हसता हसता डोळे पुसत होते, आणि मधेच म्हणत होते, “मर्सी म्हणे! वरून मर्सी म्हणे!” माझा पाय क्लचवरून घसरला, गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. मी सेल्फ मारला. नाही लागला. पुन्हा मारला. नाहीच लागला. हसण्यानं हाताला जोर नव्हता की गाडीलाच हसू येत होतं, कोण जाणे.

ओमप्रकाश परत आला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, कोराडीच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. त्याची मेटॅडोर, तिच्यातल्या जाड दोरासकट, आमच्या फाटकाबाहेर उभी होती.

“उतरो मनोहरभाऊ,” तो म्हणाला, सफारीच्या बाह्या वर सारत. “धक्का मारते हैं. लेकिन मैं आगे की सीट पे बैठूंगा, बोल देता हूं.”

दोघं मागे गेले. मी गिअर टाकला, क्लच दाबला. आरशात दोन माना खाली गेलेल्या दिसल्या, दोन्ही नाकांना रुमाल बांधलेले.

“आता,” मामाजी काठीनं ताल धरत म्हणाले, “सोड, सूनबाई. सोड!”